शनिवारचा चर्चेचा तास परत सुरू करा: शाळेच्या संचालक मंडळास खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

माझा मुलगा आपल्या शाळेत आठवीत आहे. मी स्वतः एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. शाळेचं नाव या पत्रात लिहिलेलं नाही, चर्चेचा तास घेणाऱ्या बाईंचं तर नाहीच. बदनामीच करायची असती तर त्याला रस्ते पुष्कळ आहेत. मला आपल्याशी बोलायचंय, आणि ते चारचौघांत बोलायचंय. कार्यालयात दिलेल्या अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का पडला, त्यापलीकडे काहीच घडलं नाही.

जूनमध्ये पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली की, या वर्षीपासून शनिवारचा चर्चेचा तास रद्द करण्यात येत असून त्या वेळेत शिष्यवृत्ती व एनएमएमएस परीक्षेचा सराव घेण्यात येईल. (एनएमएमएस म्हणजे गरीब घरांतल्या आठवीच्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा.) खाली हात जोडलेले इमोजी, त्याखाली पालकांचे अंगठेच अंगठे. कारण एका ओळीचंही नाही. तोंडी कारणं मात्र बरीच कानावर आली, आणि त्यातली कुठलीही दोन एकमेकांशी जुळत नाहीत.

त्या तासात नेमकं काय चालायचं हे आपल्यापैकी कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही, म्हणून आधी तेच सांगते. बाईंनी पालकांना येऊन बसायची मुभा दिली होती. गेल्या वर्षी, मुलगा सातवीत असताना, मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

सुरुवातीची दोन मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. मंत्र नाही, कुणाचा फोटो नाही, उदबत्ती नाही. मग या दोन मिनिटांत काय काय ऐकू आलं ते सांगायचं. आपली शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली, त्यामुळे पहिला आवाज मागाचा, हे ठरलेलंच. पण एक मुलगी म्हणाली, मागच्या गल्लीतले दोन माग एका लयीत चालत नाहीयेत, एक जरा मागे पडतोय. इतकं बारीक ऐकणारी ही पोरं घरी चार हाका मारल्या तरी ओ देत नाहीत, ते सोडा.

मग धोटा निघायचा, विणताना आडवा धागा इकडून तिकडे नेणारा. कुणाच्या तरी आजोबांच्या हातमागाचा, लाकडी, हाताळून गुळगुळीत झालेला, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण, मधली कांडीची खाच रिकामी. धोटा ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. आणि आपलं म्हणणं मांडण्याआधी मागचा काय म्हणाला ते आपल्या शब्दांत सांगायचं. तो ‘हो, असंच म्हणालो’ म्हणाला तरच पुढे. हा नियम ऐकायला सोपा वाटतो. आपल्या पुढच्या बैठकीत वापरून बघा.

त्या दिवशी विषय होता मोबाइलवरच्या स्टेटसचा. दोन मंडळं, दोन मिरवणुका, कुणाचा डीजे मोठा यावरून वर्गातल्या दोघांची गेटबाहेर आधीच झटापट झाली होती. पहिला म्हणाला, “त्यानं माझ्या मंडळाला शिवी घातली, मग मी गप कसा बसू?” दुसऱ्याने धोटा घेतला आणि बराच वेळ नुसता फिरवत राहिला. मग म्हणाला, “तो म्हणतोय की शिवी मंडळाला नाही, त्याच्या भावाला लागली. भाऊ अध्यक्ष आहे ना मंडळाचा.” पहिला उसळला, “असं नाही म्हणालो बे मी.” मग थोडं थांबून, “पण तसंच हाय.”

पुढे गळाभेट वगैरे काही झालं नाही. घंटा झाली आणि दोघं आपापल्या वाटेने गेले. वर्षभरात ते पुन्हा भिडल्याचं मात्र मी ऐकलं नाही.

आता कानावर आलेली कारणं एकेक करून घेते.

पहिलं, या तासामुळे मुलं उलट बोलायला लागली. मुलं प्रश्न विचारायला लागली, हे मात्र खरं आहे. साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये उपोषण केलं, ते आपल्याच जिल्ह्यात. त्याबद्दल बोलणं चाललं असताना एका मुलीने विचारलं, “उपोषण म्हणजे समोरच्याला धमकीच नाही का? मरेन म्हणायचं आणि आपलं खरं करायचं?” त्यावरून बोलणं १९३२ सालच्या पुणे करारापर्यंत गेलं. दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी तेव्हा केलेल्या उपोषणामुळे बाबासाहेबांवर किती दडपण आलं असेल, हे मुलं आपसांत बोलली. अहिंसेच्या साधनातही जबरदस्ती असू शकते का, हा प्रश्न मोठमोठ्यांना सुटलेला नाही. तो तेरा वर्षांच्या मुलीला पडला, तर तो उद्धटपणा कसा होईल? शिक्षण हक्क कायदा आपल्याला लागू आहे. २००९ च्या त्या कायद्याच्या कलम २९ मध्ये बालकाला भीती, ताण आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावं आणि त्याला आपली मतं मोकळेपणी मांडायला मदत करावी, असं लिहिलेलं आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी तर शांततेच्या शिक्षणावर वेगळा अभ्यासगट नेमला होता. बाईंनी काही स्वतःच्या मनाचं खूळ काढलेलं नाही. हाताची घडी, तोंडावर बोट एवढंच आपल्याला हवं असेल, तर तसं लिहून तरी द्या.

दुसरं कारण कुणी उघडपणे सांगत नाही, पण माझ्या मते खरं कारण तेच आहे. हुतात्म्यांचा अपमान झाला अशी तोंडी तक्रार कुणीतरी केली आणि बाईंकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण हा माझा विषय आहे आणि सोलापूरचाही.

दर १२ जानेवारीला आपण मुलांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालायला नेतो, ते योग्यच आहे. १९३१ साली त्या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. तिथून परत आल्यावर एका मुलाने वर्गात विचारलं की, गांधीजींना पकडलं म्हणून गाव पेटलं, पण गांधीजी तर अहिंसेचे, मग पोलीस कसे मेले? मी अकरावी-बारावीला स्वातंत्र्यलढा शिकवते. माझ्या वर्गात हा प्रश्न क्वचितच येतो. तिथवर येईपर्यंत मुलांनी उत्तरं पाठ केलेली असतात.

बाईंनी तारखा फळ्यावर लिहिल्या. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक. ८ मे रोजी सोलापुरात जमावावर गोळीबार, त्यात शंकर शिवदारे गेले. खवळलेल्या जमावाच्या हातून दोन पोलीस मारले गेले, चौकी जळाली. पोलीस शहरातून निघून गेले आणि पुढचे तीन दिवस लोकांनीच गावाचा कारभार पाहिला. १२ मे रोजी मार्शल लॉ. पुढे पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली चौघांवर खटला आणि फाशी. या चौघांचा त्यात हात नव्हता, असं मानणारे सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हेही बाईंनी सांगितलं. मग फळ्यापासून बाजूला झाल्या आणि धोटा पहिल्या बाकावर दिला.

कुणी म्हणालं, समोरून गोळी आल्यावर कसली अहिंसा. कुणी म्हणालं, ते पोलीस पण आपलेच होते, त्यांच्या घरीपण पोरं असतील. एकाला वाटलं, जमावात असलं की आपण आपण राहत नाही, मिरवणुकीत त्याला स्वतःला असं होतं. हे वाक्य मी लिहून ठेवलंय. शेवटी एक मुलगी म्हणाली, “९, १० आणि ११ मे ला पोलीस नसताना लोकांनी गाव सांभाळलं, मग त्याचा पुतळा का नाही?”

सांगा, यात अपमान कुणाचा झाला? चौघांची जात वेगळी, धर्म वेगळे, पण गेले एकाच दिवशी, एकाच फासाने. त्यांच्याबद्दल इतकं मनापासून बोललेला वर्ग मी तरी दुसरा पाहिलेला नाही. हार घालायला पाच मिनिटं लागतात आणि परतीच्या वाटेवर मुलं वडापावचं बोलत असतात. तो हार कुणाला आणि का, हे त्या शनिवारी पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात शिरलं. तक्रार करणाऱ्या गृहस्थांनी येऊन वर्गात बसावं, धोटा हातात घेऊन आपलं म्हणणं मांडावं. मुलं ऐकून घेतील. त्यांना सवय झाली आहे.

तिसरं कारण गुणांचं. यावर वाद घालायची माझी इच्छा नाही. एनएमएमएस मिळाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये येतात. ज्या घरात आई विड्या वळते आणि बापाचा माग आठवड्यातून चार दिवस चालतो, तिथे या पैशाचं मोल काय ते मला कुणी सांगायला नको. सराव जरूर घ्या. पण त्यासाठी नेमका हाच तास का? गुरुवारी प्रोजेक्टरच्या तासाला मुलं मैदानावर मोकाट असतात. प्रोजेक्टर कधीपासून बंद आहे ते आपण जाणता.

चौथं. मुलांना शांतता शिकवायला आपला विरोध नाही असं आपण म्हणता, आणि पुरावा म्हणून २ ऑक्टोबरच्या शिबिराची पत्रिका दाखवता. सभागृहात सगळे वर्ग एकत्र, बाहेरगावचे वक्ते, ‘शांतता आणि सजगता’ असा फ्लेक्स, शेवटी प्रत्येकाला प्रमाणपत्र. २ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये अहिंसा दिन ठरवला, म्हणून मुहूर्त चांगला आहे. पण व्याख्यान ऐकून कुणी पोहायला शिकल्याचं ऐकिवात नाही. पाण्यात उतरावं लागतं, तेही रोज, आणि काठावर कुणीतरी जाणतं उभं लागतं.

याचं एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राशी जोडलेलं आहे. जेम्स लॉसन नावाचे अमेरिकन तरुण पाद्री १९५० च्या दशकात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधीजींची पद्धत त्यांनी इथे राहून समजून घेतली आणि परत गेल्यावर नॅशव्हिल शहरात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. त्या वर्गांत भाषणं होतीच, पण मुख्य काम सरावाचं होतं. काही विद्यार्थ्यांनी गुंड व्हायचं, दुसऱ्यांना शिव्या द्यायच्या, ढकलायचं, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा. दुसऱ्यांनी हात उचलायचा नाही, पळायचं नाही, आणि डोक्याला मार लागू नये म्हणून अंग कसं आवरायचं ते शिकायचं. फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुलं गोऱ्यांसाठीच राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसली. मार खाल्ला, तुरुंगात गेली. मे महिन्यात तिथल्या दुकानांनी कृष्णवर्णीयांना वाढायला सुरुवात केली. राग येतो तेव्हा काय करायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. बाई तेच करत होत्या, सातवीच्या पोरांना झेपेल एवढ्या प्रमाणात. सुरुवातीच्या त्या दोन मिनिटांचंही तेच. शासनाच्या ‘मित्र’ नावाच्या उपक्रमात कितीतरी शाळांतून आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष द्यायचं ध्यान, झालेलं आहे. त्यातलं कुणीही सांगेल की हे रोजचं किंवा निदान आठवड्याचं काम आहे, वर्षातून एकदा टाळ्या वाजवून होत नाही.

आणि फ्लेक्सचा विषय निघालाच आहे तर सांगते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा आपल्या गेटवर अभिनंदनाचा मोठा फ्लेक्स लागला होता. क्यूआर कोडवाले गुरुजी म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. पण भारत-पाकिस्तान, इस्राईल-पॅलेस्टाईन अशा एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांना ऑनलाइन एकमेकांशी बोलतं करण्याचा त्यांचा उपक्रमही त्या गौरवात मोजला गेला होता. लढणाऱ्या देशांची मुलं एकमेकांशी बोलतात याचं आपण कौतुक केलं. आपल्या वर्गातली दोन मंडळांची मुलं बोलायला लागली, तर तास बंद केला.

पाचवी गोष्ट लिहिताना हात जड होतो, पण लिहिणं भाग आहे. या वर्षी गणपती विसर्जनानंतर आठवीतल्या दोन मुलांची मारामारी झाली. गेल्या वर्षीचे ते दोघे नव्हेत, दुसरेच. त्यांना मैदानाच्या मधोमध अंगठे धरून उभं केलं गेलं. वरच्या वर्गांच्या खिडक्यांतून मुलं बघत होती, काहींनी मोबाइलवर टिपलं. संध्याकाळी ते स्टेटसला होतं. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली आहे, ते आपल्याला ठाऊक आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवू. मारामारी करू नका हे शिकवायला आपण मुलांना अपमान कसा करायचा ते दाखवलं, आणि ती दाखवणी शाळाभर झाली. त्या दोघांतल्या एकाची आई माझ्याच गल्लीतली. पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेला गेलं नाही. ती मला म्हणाली, “ताई, मारलं असतं तर बरं होतं.” तिच्या या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे आहे का?

आता मागण्या.

शनिवारचा चर्चेचा तास येत्या महिन्यापासून आठवीला, आणि शक्य असेल तर सातवी ते नववीला, पुन्हा वेळापत्रकात घालावा. शिष्यवृत्तीचा सराव गुरुवारी किंवा शाळा भरण्याआधी घ्यावा. आम्ही काही पालक त्यासाठी आळीपाळीने येऊन बसायला तयार आहोत, गणित-बुद्धिमत्तेला तर दोन अभियंते पालकही मिळतील.

बाईंकडून मागवलेला खुलासा लेखी पत्राने मागे घ्यावा. त्यांच्या सेवापुस्तकात याची नोंद होऊ नये.

मारामारी, चिडवाचिडवी, मोबाइलवरची भांडणं यांवर शाळा काय करणार ते ठरवून पालकांना लेखी कळवावं. अंगठे, कोंबडा, उठाबशा बंद. भांडणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवून, तिसऱ्या मोठ्या माणसासमक्ष बोलतं करायची पद्धत बाईंना येते. ती इतर शिक्षकांनी त्यांच्याकडून शिकावी, आणि त्यासाठी त्यांना तासिका मोकळ्या कराव्यात.

वर्गात कुठल्या विषयावर बोलायचं याची आपल्याला धास्ती असेल तर ती मी समजू शकते. सोलापुरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरं आहेत. एका शब्दावरून काय होऊ शकतं ते आपण सगळे जाणतो. म्हणून विषयांची यादी सत्राच्या सुरुवातीला पालक-शिक्षक संघापुढे ठेवा, हरकती तिथे घ्या, मागचं बाक पालकांसाठी कायम मोकळं ठेवा. पण यादीतून भांडणाचे विषय वगळू नका. ज्यावर कुणाचंच दुमत नाही त्यावर चर्चा कसली करायची?

२ ऑक्टोबरचं शिबिर रद्द करा असं मी म्हणत नाही. वक्त्यांना बोलावलंच आहे तर त्यांना अर्धा तास बोलू द्या, आणि उरलेला वेळ मुलांना प्रश्न विचारू द्या.

निर्णय घेण्याआधी एक बैठक घ्या आणि तिला आठवीतली चार मुलं बोलवा. गेल्या वर्षी तो तास त्यांनी चालवलेला आहे, त्यांना आपल्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

या मागण्यांना पाठिंबा देणाऱ्या पालकांच्या सह्यांचा अर्ज सोमवारी कार्यालयात देत आहे. त्याची पोच शिक्क्यासह मिळावी, आणि उत्तर पंधरा दिवसांत लेखी मिळावं. सूचना ज्या ग्रुपवर आली होती, उत्तरही त्याच ग्रुपवर टाकावं. अंगठे देणाऱ्या पालकांनाही ते वाचता येईल.

कळावे,

आपली,
आठवीतल्या एका मुलाची आई,
पूर्व भाग, सोलापूर